रॉस्किल्डचा उथळ फियॉर्ड

फियॉर्ड म्हटले की शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातला नॉर्वे डोळ्यांपुढे येतो: दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेले कडे आणि मध्ये काळेभोर, अथांग पाणी. नॉर्वेचा सोग्नेफियॉर्ड काही ठिकाणी 1300 मीटर खोल आहे. हे चित्र मनात धरून जो डेन्मार्कला जाईल, त्याची निराशा ठरलेली. या देशातले सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाणच जेमतेम 171 मीटरचे. कोपनहेगनच्या पश्चिमेला शेलान बेटात शिरलेला रॉस्किल्ड फियॉर्ड सुमारे 40 किलोमीटर लांब आहे, पण त्याची सरासरी खोली आहे फक्त तीन मीटर. काठावर कडे नाहीत, धबधबे नाहीत. गव्हाची शेते हळूहळू उतरत पाण्यापाशी येतात, मग बोरूची बने लागतात आणि त्यांच्या पलीकडे हंसांचे थवे दिसतात.

तरीही उत्तर युरोपात एकच फियॉर्ड निवांत पाहायचा असेल, तर मी हाच सुचवीन. त्याचा उथळपणा हेच त्याचे सारे वैशिष्ट्य आहे. इथला इतिहास, इथली शांतता आणि आजचे इथले दुखणे या तिन्हींच्या मुळाशी ते तीन मीटर पाणी आहे.

नॉर्वेचे फियॉर्ड हिमनद्यांनी कठीण खडक कोरून केलेले आहेत. डेन्मार्कच्या या भागात असा खडक वर कुठेच नाही. शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थराने स्कँडिनेव्हियातून ओढून आणलेली माती, वाळू आणि गोटे म्हणजेच हा प्रदेश. त्या थराखालून वितळलेले पाणी दाबाने वाहत होते आणि त्याने मऊ जमिनीत लांबट दऱ्या पाडल्या. बर्फ गेले, जगभर समुद्राची पातळी वाढली आणि काही हजार वर्षांपूर्वी खारे पाणी या दऱ्यांत शिरले. आपल्या कोकणातल्या खाड्यांशी या फियॉर्डचे नाते नॉर्वेपेक्षा जवळचे वाटते: तसाच चिखल, तशीच वळणे, तसेच निमखारे पाणी. फरक आहे तो भरती-ओहोटीचा. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते. इथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही. पाणी चढते-उतरते ते वाऱ्यामुळे. वायव्येचा वारा लागून राहिला, की समुद्र फियॉर्डच्या तोंडातून आत ढकलला जातो. हा वारा ध्यानात ठेवायचा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या पाण्याकाठी माणूस फार पूर्वी वसला. डेन्मार्कच्या किनाऱ्यांवर अश्मयुगातल्या लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग सापडतात. कालवे, शिंपले, माशांचे काटे, हरणांची हाडे आणि त्यांत मिसळलेली गारगोटीची हत्यारे. एकोणिसाव्या शतकात डॅनिश अभ्यासकांनीच प्रथम ओळखले, की हे समुद्राने टाकलेले थर नसून माणसाच्या जेवणाचा उकिरडा आहे. रॉस्किल्ड फियॉर्डच्या उत्तर टोकाला सोलेअर येथे असा एक ढीग आहे. उथळ, उबदार पाण्यात कालवे भरपूर वाढतात आणि ती गोळा करायला होडीही लागत नाही.

आता जायचे कसे ते पाहू. कोपनहेगनच्या मुख्य स्थानकातून रॉस्किल्डला थेट गाड्या सुटतात, दिवसभर दर काही मिनिटांनी. प्रवास साधारण पंचवीस मिनिटांचा. हा मार्ग आजच्या डेन्मार्कमधला सर्वांत जुना रेल्वेमार्ग आहे. तो 1847 साली सुरू झाला, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावण्याआधी सहा वर्षे. अंतरही जवळपास तेवढेच. रॉस्किल्ड स्थानकाची इमारत त्याच काळातली असून अजून वापरात आहे.

तिकिटाची पद्धत एकदा समजली की सगळे सोपे होते. सारा प्रदेश झोनमध्ये विभागलेला आहे आणि आगगाडी, मेट्रो, बस यांना एकच तिकीट चालते. आगगाडीतून उतरून बसमध्ये चढताना पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत, फक्त तिकिटाची मुदत संपलेली नसावी. स्थानकांवर फाटके नाहीत, कोणी अडवत नाही. पण गाडीत तपासनीस येतात आणि विनातिकीट प्रवासाचा दंड भारी असतो, परदेशी पाहुणा म्हणून सूट मिळत नाही. ‘रायसेकोर्ट’ हे प्रवास-कार्ड वापरणारे चढताना नोंद करतात आणि उतरल्यावर पुन्हा करतात. पूर्वी हे कार्ड प्लॅस्टिकचे होते, आता ते मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये आले आहे. दोन-तीन दिवस मनसोक्त फिरायचे असेल तर ‘सिटी पास लार्ज’ घ्यावा. त्यात राजधानीच्या भोवतालचा सारा प्रदेश येतो, रॉस्किल्ड आणि फियॉर्डचा पूर्व काठही येतो. वेळापत्रकासाठी ‘रायसेप्लानेन’ हे एकच अ‍ॅप पुरते. आगगाडी, बस, फेरी, चालणे हे सगळे जोडून ते मार्ग सांगते, आणि डॅनिश माणसेही त्याच्याच भरवशावर घराबाहेर पडतात.

रॉस्किल्ड स्थानकातून बाहेर पडले की बस शोधू नका, चालत निघा. गावाच्या मुख्य रस्त्याने दहा मिनिटांत कॅथीड्रलचे दोन टोकदार मनोरे समोर येतात. लाल विटांची ही इमारत बाराव्या शतकात सुरू झाली आणि 1995 मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. डेन्मार्कचे सुमारे चाळीस राजे-राण्या इथे पुरलेले आहेत. त्यांतल्या चौथ्या ख्रिश्चन राजाच्या दफनस्थळापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. त्याच्याच कारकिर्दीत, 1620 साली, डेन लोकांनी तंजावरच्या नायक राजाकडून तरंगंबाडी हे बंदर मिळवले. पुढे तंजावर भोसल्यांकडे आले. चौथ्या फ्रेडरिक राजाने पाठवलेले पहिले मिशनरी 1706 मध्ये तरंगंबाडीला उतरले. तो राजाही याच कॅथीड्रलमध्ये विसावला आहे. त्याच मिशनमधून आलेला श्वार्ट्झ हा सरफोजीराजांचा गुरू आणि पालक झाला. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांनी वाढवले ते हे सरफोजी. तंजावरच्या मराठी दरबाराला युरोपीय विद्येची जी खिडकी उघडली, तिचा एक धागा असा या फियॉर्डकाठच्या गावापर्यंत येतो.

कॅथीड्रलच्या मागून हिरवळीचा उतार थेट बंदराकडे जातो. खाली उतरताना पाणी दिसू लागते आणि त्याच्या काठी काँक्रीटची एक चौकोनी, काचेच्या मोठ्या भिंतीची इमारत. हे व्हायकिंग जहाजांचे संग्रहालय. इथे घाई करायची नाही.

रॉस्किल्डच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर स्कुल्डेलेव नावाचे गाव आहे. तिथे फियॉर्डच्या एका चिंचोळ्या जलमार्गात पाण्याखाली दगडांचा बांध होता. कोळ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. ते म्हणत, मार्गारेट राणीने शत्रूला अडवण्यासाठी इथे जहाज बुडवले. राणी 1412 मध्ये वारली, तिची कबर कॅथीड्रलमध्ये आहे. 1950 च्या दशकात हौशी पाणबुड्यांनी त्या बांधातून एक लाकूड वर काढले आणि ते राष्ट्रीय संग्रहालयाकडे दिले. तज्ज्ञांच्या लक्षात आले, की हे लाकूड राणीच्या काळाहून कितीतरी जुने, व्हायकिंग काळातले आहे. ओलाफ ओल्सेन आणि ओले क्रुमलिन-पेडरसेन या दोघांनी पाण्याखाली पाहणी सुरू केली. एकावर एक दगड उचलताना कळले, की जहाज एक नाही, अनेक आहेत.

पाण्याखाली हे सारे नीट काढणे अशक्य होते. मग 1962 मध्ये त्या जागेभोवती पोलादी पत्र्यांची भिंत ठोकली, आतले पाणी उपसले आणि फियॉर्डचा तळ उघडा केला. हे शक्य झाले ते पाणी उथळ होते म्हणून. हजारो तुकडे सतत ओले ठेवत, चिखलातून हाताने मोकळे करत, काही महिन्यांत बाहेर आले. लाकूड वाळले असते तर आक्रसून फुटले असते, म्हणून त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल मुरवले गेले. त्यात वर्षे गेली. तुकडे पोलादी सांगाड्यावर बसवत जहाजे पुन्हा उभी राहिली आणि 1969 मध्ये संग्रहालय उघडले.

जहाजे पाच आहेत, पण क्रमांक एक, दोन, तीन, पाच आणि सहा. चौथे नाहीच! ज्याला चार नंबर दिला होता ते दुसऱ्याच जहाजाचा भाग निघाले, आणि गोंधळ नको म्हणून बाकीचे क्रमांक तसेच ठेवले. संशोधनाचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. पहिले जहाज सोळा मीटरचे, रुंद पोटाचे, खुल्या समुद्रावर माल नेणारे. ते पश्चिम नॉर्वेत, सोग्नेफियॉर्डच्या परिसरात बांधले गेले असे लाकडावरून ठरले. तिसरे लहान व्यापारी जहाज आहे. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग टिकला आणि त्यामुळे ते सर्वांत नीट समजले. पाचवे सतरा मीटरचे, तीसेक माणसांचे युद्धजहाज. सहावे मासेमारीचे. आणि दुसरे? ते तीस मीटर लांब, साठ वल्ह्यांचे युद्धजहाज. त्याचा जेमतेम पाव हिस्सा उरला आहे, पण ओकच्या वाढकड्या मोजून त्याचे साल आणि ठिकाण दोन्ही कळले: 1042, आयर्लंडमधील डब्लिनचा परिसर. तिथले व्हायकिंग राज्य, तिथले सुतार, तिथलेच जंगल, आणि जहाजाचा शेवट डेन्मार्कच्या चिखलात.

ही जहाजे बुडाली नव्हती, बुडवली होती. साधारण 1070 च्या सुमारास जुनी झालेली जहाजे दगडांनी भरून जलमार्गात मुद्दाम तळाला घातली गेली. रॉस्किल्ड तेव्हा राजाचे आणि बिशपचे मोठे गाव होते. समुद्रावरून चालून येणाऱ्या शत्रूला उथळ फियॉर्डमधून फक्त मोजक्या खोल वाटांनीच वर येता येई. त्या वाटा अडवल्या, की स्थानिकांना ठाऊक असलेल्या वाकड्या वाटांशिवाय मार्ग उरत नसे. पाणी खोल असते तर असा बांध घालताच आला नसता. घातला नसता, तर आज दाखवायला जहाजे नसती. दगडांच्या ओझ्याखाली, प्राणवायू न पोहोचणाऱ्या चिखलात दबलेला भाग तेवढा नऊशे वर्षे टिकला. वर उघडा राहिलेला भाग झिजून गेला.

कथा इथे संपत नाही. 1990 च्या दशकात संग्रहालयाने शेजारी नवे बेटवजा आवार तयार करायला घेतले आणि खोदकामात, अगदी दाराशी, आणखी नऊ जहाजे सापडली. त्यातले एक, रॉस्किल्ड-6, सुमारे 37 मीटरचे आहे. आजवर सापडलेले हे सर्वांत लांब व्हायकिंग युद्धजहाज. त्याच आवारात आता जहाजबांधणीचा कारखाना चालतो. करवत न वापरता, ओकचे ओंडके पाचरींनी फोडून आणि कुऱ्हाडीने तासून फळ्या करतात, जुन्या पद्धतीने. डब्लिनच्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती इथेच बांधून 2004 मध्ये पाण्यात उतरवली गेली. 2007 मध्ये साठेक माणसांनी ती उत्तर समुद्र ओलांडून डब्लिनला नेली आणि पुढच्या वर्षी परत आणली. उन्हाळ्यात पाहुण्यांनाही जुन्या धर्तीच्या होडीत बसता येते, मात्र वल्हे स्वतः मारायचे. ही फेरी चुकवू नका. पाण्यावर बसल्याशिवाय फियॉर्डची सपाटी आणि त्याचा विस्तार अंगात उतरत नाही.

तो वायव्येचा वारा 2013 च्या डिसेंबरमध्ये आला. ‘बोडिल’ वादळाने समुद्राचे पाणी फियॉर्डमध्ये कोंडले आणि दक्षिण टोकाला, रॉस्किल्डच्या बंदरात, पातळी नेहमीपेक्षा दोन मीटरहून जास्त चढली. संग्रहालयाच्या काचेला पाणी टेकले. कर्मचाऱ्यांनी रात्रभर पंप लावून आणि वाळूच्या गोण्या रचून जहाजे वाचवली. खाऱ्या हवेने इमारतीचे काँक्रीट आधीच खाल्ले होते. 2018 मध्ये तिचा संरक्षित वास्तूचा दर्जा काढून घेण्यात आला आणि जहाजांसाठी सुरक्षित नवी जागा करण्याचे काम पुढे आले. म्हणून निघण्यापूर्वी संग्रहालयाचा कोणता भाग उघडा आहे हे पाहून घ्यावे.

बहुतेक प्रवासी इथूनच मागे फिरतात. माझ्या मते खरा फियॉर्ड इथून उत्तरेला आहे, आणि तिथे जायला एक वेगळा दिवस द्यावा. कोपनहेगनची उपनगरी गाडी, म्हणजे ‘एस-टोग’, सी मार्गाने फ्रेडरिक्सुंडपर्यंत जाते. पाऊण तासाच्या आसपासचा प्रवास आणि तेच शेवटचे स्थानक. या गाडीत सायकल नेण्याचे पैसे पडत नाहीत. म्हणून सायकल भाड्याने घेऊन निघणे सर्वांत उत्तम. पूर्ण ‘फ्योर्डस्टिएन’, म्हणजे रॉस्किल्ड फियॉर्ड आणि शेजारचा ईसेफियॉर्ड यांच्या काठाने जाणारी वाट, 275 किलोमीटरची आहे. त्यातला हवा तेवढा तुकडा घ्यावा.

फ्रेडरिक्सुंडपाशी फियॉर्ड अरुंद होतो आणि त्यावर 1935 चा जुना पूल आहे. गावाच्या दक्षिणेला 2019 मध्ये दुसरा मोठा पूल झाल्यापासून मोटारींची वर्दळ विभागली गेली. जुना पूल ओलांडला की हॉर्न्सहेरेड हा द्वीपकल्प सुरू होतो. एका बाजूला रॉस्किल्ड फियॉर्ड, दुसऱ्या बाजूला ईसेफियॉर्ड. स्थानकासमोरून येगर्सप्रीसला बस जाते. तिथे राजवाडा आहे, पण मी वेळ देईन तो त्याच्या उत्तरेच्या जंगलाला. तिथला ‘राजओक’ दीड हजार वर्षांहून जुना मानतात. खोड पोकळ आणि फाटलेले, पण दर वसंतात त्याला पाने येतात. स्कुल्डेलेवची जहाजे बुडवली गेली तेव्हाही तो म्हाताराच असणार.

जंगलापलीकडे द्वीपकल्पाचे टोक म्हणजे कुल्हुसे. इथून मोजक्या मोटारी मावतील एवढी चिमुकली फेरी पलीकडच्या सोलेअरला जाते. ती उन्हाळी हंगामातच चालते. काही मिनिटांचा प्रवास, पण फियॉर्डच्या मुखाशी, दोन्ही पाण्यांच्या संगमावर. सोलेअरहून हुंडेस्टेडचे बंदर पाच-सहा किलोमीटर. ध्रुवीय संशोधक क्नुड रासमुसेनचे घर या गावाच्या कड्यावर आहे, समुद्राकडे तोंड करून. हुंडेस्टेडहून दुसरी मोठी फेरी पंचवीस मिनिटांत ईसेफियॉर्डचे तोंड ओलांडून रोर्वीगला नेते. परतायचे असेल तर बंदरापासूनच छोटी लोकल गाडी हिलरॉडला जाते आणि तिथून एस-टोग कोपनहेगनला. तीन गाड्या, एक बस, एक फेरी आणि मधली पायपीट, असा हा वळसा सकाळी निघून संध्याकाळी पुरा होतो. फेरीचे तिकीट मात्र पासमध्ये नसते, ते वेगळे काढायचे.

या वाटेवर गर्दी भेटत नाही. तळाशी गवत असलेले उथळ पाणी मोठ्या जहाजांच्या उपयोगाचे नाही, म्हणून इथे मोठी बंदरे झाली नाहीत. तेच पाणी पक्ष्यांच्या उपयोगाचे. मान खाली घालून तळचे गवत खाता येईल इतकीच खोली हंसांना हवी असते. फियॉर्डमधल्या ठेंगण्या बेटांवर कुररी आणि बदके घरटी करतात. म्हणून विणीच्या काळात त्यांवर पाऊल ठेवायला बंदी असते. ती पाळावी. पांढऱ्या शेपटीचा गरुड डेन्मार्कमधून नाहीसा झाला होता, तो आता पुन्हा या आभाळात दिसतो. दक्षिण भागाला 2015 मध्ये ‘स्क्योल्डुंगर्नेस लान’ राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

पण हे पाणी निरोगी आहे असे समजू नये. डेन्मार्कची निम्म्याहून जास्त जमीन शेतीखाली आहे. खतांतले नायट्रोजन ओढ्यांतून फियॉर्डमध्ये येते, शेवाळ माजते, ऊन तळापर्यंत पोहोचत नाही, सागरी गवत मरते. शेवाळ कुजले की तळाचा प्राणवायू संपतो. उथळ, बंदिस्त आणि भरती-ओहोटीविना असलेल्या पाण्याची अदलाबदल संथ, त्यामुळे इजा लवकर होते आणि भरून यायला दशके लागतात. 1986 मध्ये कॅटेगॅट समुद्रात मेलेले शेवंडे जाळ्यात आले, त्यांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली आणि दुसऱ्या वर्षी संसदेने जलसंरक्षणाची पहिली मोठी योजना केली. सांडपाण्याची शुद्धी खूप सुधारली, शेतीचा वाटा तितका कमी झाला नाही. 2024 मध्ये जटलंडमधल्या वाइले फियॉर्डची तर लोकांनी अंत्ययात्राच काढली. त्याच वर्षी शेतीची काही जमीन पुन्हा निसर्गाला देण्याचा मोठा करार राजकीय पक्षांत झाला. रॉस्किल्डच्या काठावर उभे राहून पाण्यात डोकावले, तर त्या कराराचा अर्थ कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट कळतो: गवत दिसते की हिरवट गढूळपणा, एवढेच पाहायचे.

जायचे तर मे ते सप्टेंबर या काळात जा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि कुल्हुसेची फेरी सुरू असते. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो. गावाकडच्या बसेस शनिवार-रविवारी विरळ असतात आणि एक चुकली तर बराच वेळ थांब्यावर उभे राहावे लागते, तेव्हा परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच लिहून घ्या. वाऱ्याला अडवणारे जाकीट उन्हाळ्यातही बरोबर असू द्या, आणि पर्यटक बसच्या तासाभराच्या थांब्यावर हा फियॉर्ड उरकू नका.